चिंचेकडचा कोपरा

शिल्पा पहिला सेट सहा-तीन हरली तेव्हा मला तिचा राग आला. भीती नंतर वाटली, लाज त्याच्याही नंतर. आधी राग. माझं नेहमी असंच होतं. घरी बायको म्हणते, तुम्हाला ताप आला तरी तुम्ही थर्मामीटरवर चिडता.

विभागीय टेनिस स्पर्धेतली सोळा वर्षांखालच्या मुलींची फायनल होती. जागा आमच्या लातूरच्या क्लबची, कोर्ट आमचं नवंकोरं सिंथेटिक. जी जिंकेल तिला पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात प्रवेश, आणि विभागातून एकच मुलगी घेतात. शिल्पा जानेवारीत सोळा पूर्ण करणार होती, म्हणजे ही तिची शेवटची संधी. आज हरली की अकरावीला नाव घालायचं आणि रॅकेट खुंटीला टांगायची.

शिल्पा आमच्या क्लबचं मैदान सांभाळणाऱ्या भुजंगची मुलगी. क्लबच्या मागच्या दोन खोल्यांत ती वाढली. समोर होती नांदेडची मनस्विनी, डॉक्टर श्रीनाथ यांची लेक. उंच, शांत, हातात जोर असलेली पोरगी. मी राघवेंद्र, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि क्लबचा सचिव आहे. शिल्पाच्या हातात पहिली रॅकेट दिली ती मीच, माझी जुनी. हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचो.

रागाचं कारण सांगतो. कोर्टाच्या एका टोकाला कुंपणापलीकडे चिंचेचं झाड आहे. मनस्विनी त्या बाजूला खेळायला आली की तिचा उजवा कोपरा सताड उघडा पडायचा. ती डावीकडे सरकून उभी राहायची, सवयच होती तिची. दहा वर्षांच्या पोरानंही तिकडेच चेंडू मारला असता. आणि शिल्पा काय करत होती? चेंडू नेऊन पुन्हा पुन्हा मनस्विनीच्या हातात देत होती. मधे, नाही तर डावीकडे. उजवीकडे एकदाही नाही.

मी खुर्चीत चुळबुळत होतो. पण तोंडातून शब्द काढत नव्हतो, कारण त्या कोपऱ्याचं नावही माझ्या जिभेवर यायला नको होतं.

आमच्याकडे दोन कोर्टं होती, दोन्ही मातीची. मातीचं कोर्ट म्हणजे रांगतं मूल. रोज पाणी, रोज रोलर, चाळलेला मुरूम, विटांची भुकटी, मधूनमधून शेणकाल्याचा हात, मग चुन्याच्या रेषा. आणि लातुरात पाणी मागायचं कुणाकडे? नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात लोक हंड्यासाठी भांडत होते आणि भुजंग शेजारच्या वसतिगृहातलं धुण्याचं पाणी बादल्यांनी आणून कोर्टावर शिंपडत होता. तेव्हाच मी ठरवलं, संधी मिळाली की निदान एक कोर्ट बिनपाण्याचं करायचं.

संधी मिळाली. सरकारी निधी मंजूर झाला आणि मी कामाला लागलो. विज्ञानाचा माणूस, तक्ता करणारच. सिमेंटचं कोर्ट गुडघ्यांना वाईट. कृत्रिम गवत आमच्या मे महिन्यात तव्यासारखं तापतं. म्हणून डांबरी थर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे पाच हात, असं मी ठरवलं. आत हिरवा, बाहेर तांबडा. पृष्ठभाग निवडण्यात माझं काही चुकलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. चूक त्याच्या खाली झाली.

खाली काळी माती होती. ठेकेदार म्हणाला, फूटभर खोदू, मुरूम भरू, दाबू, झालं. भुजंग शेजारी उभा होता. तो मूळचा किल्लारीचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेला. जमिनीचं कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की तो नुसता बघत राहतो. त्या दिवशी मात्र बोलला.

"सर, काळी मुरुमापत्तोर काढा. चार फूट लागू द्या न्हाई तर पाच. पावसात फुगती ती, आन् उन्हात आकसती. तिच्यावरचं घर बी हालतंय, ह्ये तर डांबर हाय."

मी ठेकेदाराच्या हातातली पहार घेतली आणि जमिनीवर आपटली. टणकन आवाज आला. "बघ," म्हटलं, "दगड झालाय नुसता."

मे महिना होता. मे महिन्यात काळी दगडच असते. माझ्या आजोबांची लोह्याजवळ काळीची जमीन होती. श्रावणात त्या रानात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा, हे मी लहानपणी बांधाच्या धुऱ्यावर उभं राहून बघितलंय. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पावसाळ्याआधी काम पूर्ण दाखवलं नाही तर निधी परत जाणार होता. मला माहीत असलेली गोष्ट मी महिनाभर विसरून गेलो. शिकलेल्या माणसाला हे बरं जमतं.

पावसाळा बरा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी भुजंगनं मला बोलावलं. तो रोज सकाळी अख्ख्या कोर्टावर अनवाणी फिरतो. मातीच्या कोर्टाची सवय, नव्यावरही सुटली नव्हती.

"सर, हितं या. चप्पल काढा."

चिंचेकडचा उजवा कोपरा. मागच्या रेषेच्या आतबाहेर हातभर लांबीची भेग होती, केसाएवढी बारीक. भेगेचं मला फारसं काही वाटलं नाही. पण तिची एक कड वर आली होती. करंगळीच्या नखाएवढी. डोळ्यांना दिसत नव्हती, तळव्याला मात्र नेमकी लागली.

"भरून टाक," मी म्हणालो. "वरून रंगाचे दोन हात दे."

"भरल्यानं भेग जाईल, सर. उंची न्हाई जायाची. पळता पळता बूट आडकला तर घोटा जाईल कुणाचा तरी."

स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. संघटनेचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. त्यात एक ओळ होती, पृष्ठभाग एकसमान असून कुठेही भेग वा उंचवटा नाही, आणि खाली सचिवाची सही. मी भुजंगला ऑफिसात बसवलं आणि दार लोटलं.

"हे बघ, हे बाहेर गेलं तर स्पर्धा पुढे ढकलतील. जानेवारी उजाडेल. मग शिल्पाचं वय निघून जाईल. नुकसान कुणाचं आहे, सांग."

 तो उठून रंगाचा डबा घ्यायला गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारा मी होतो. त्या वेळी मात्र मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी उदगीरचा एक पोरगा त्याच कोपऱ्यात अडखळला. पडला नाही. स्वतःच्याच बुटांकडे बघून हसला आणि पुढे खेळला. आजूबाजूची पोरंही हसली. माझ्या हातातला चहा कपाळापर्यंत उडाला. चोराच्या मनात चांदणं, त्यात माझा काय इलाज? त्या रात्री देवापुढे उभा राहिलो आणि फक्त एक दिवस मागितला.

तो एक दिवस आता चालू होता.

दुसरा सेट सुरू झाला. पहिला गेम शिल्पानं घेतला, दुसरा मनस्विनीनं. एक-एक. आता शिल्पा चिंचेच्या बाजूला होती. मनस्विनीनं लांब चेंडू मारला, नेमका उजव्या कोपऱ्यात. अवघड नव्हता. तीन पावलं पळालं तर मिळणारा होता.

शिल्पा जागची हलली नाही.

मी खुर्चीत सावरून बसलो. ही पोरगी कुंपणाला धडकेपर्यंत चेंडूमागे पळणारी. कोपर फुटलं तरी आधी चेंडू कुठे पडला ते विचारणारी. आणि उभी राहून नुसती बघत होती? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती पहिल्या सेटपासून या बाजूला मागच्या रेषेच्या दोन पावलं आत उभी राहत होती. त्यामुळे लांब चेंडू तिच्या पायांत येत होते आणि ती चुकत होती. हे भीतीनं नव्हतं. ती कोपरा टाळत होती.

तो गेम गेला. एक-दोन. बाजू बदलल्या. आता मनस्विनी चिंचेखाली. लगेचच शिल्पाला एक मऊ, उंच चेंडू मिळाला, अगदी ताटात वाढल्यासारखा. मनस्विनी पार डावीकडे होती. उजवा कोपरा ओसाड. शिल्पानं रॅकेट मागे घेतली, तिकडे बघितलं, आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवून चेंडू दुसरीकडे टाकला. जाळीत गेला.

लोक हळहळले. मला मात्र सगळं कळलं. पोरीला भेग माहीत होती. त्या कोपऱ्यात ती स्वतःही जात नव्हती आणि मनस्विनीलाही पाठवत नव्हती. समोरची मुलगी पूर्ण कोर्टावर खेळत होती आणि ही तीन कोपऱ्यांवर. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी भुजंगकडे बघितलं. तो कुंपणाशी रोलरला टेकून उकिडवा बसला होता. तो चेंडू बघतच नव्हता. त्याची नजर खाली होती, मनस्विनीच्या पायांवर. थोड्या वेळानं बाजू बदलल्या की आपल्या पोरीच्या पायांवर. दोन दिवस तो असाच बसून होता, हे मला तेव्हा आठवलं.

उठायला हवं होतं. त्याच क्षणी, एक-दोन असताना. मी उठलो नाही. फॉर्मवरची सही डोळ्यांपुढे आली, क्लबचे सभासद आले, कॉलेजातली स्टाफरूम आली, मला सचिवपदावरून काढायला टपलेले दोघे आले. मग एक बहाणा सापडला. आता खेळ थांबवला तर लोक म्हणतील, भुजंगची पोरगी हरायला लागली म्हणून थांबवला. भुजंगचंच नाव खराब होईल. बहाणा चांगला होता, म्हणून मी तो धरून बसलो.

एक-तीन. एक-चार. मी मनात म्हणत होतो, एवढा गेम होऊ दे. शिल्पानं एक गेम काढला, दोन-चार. बघ, म्हटलं, सावरतेय. माझ्या बोलण्याची गरजच पडणार नाही. पुढचा गेम मनस्विनीनं सहज घेतला. दोन-पाच.

बाजू बदलताना शिल्पा माझ्या खुर्चीजवळून गेली. तोंड धुवून घेतल्यासारखं घामानं भिजलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मी तिच्याकडे बघू नये अशीच तिची इच्छा असावी.

शिल्पाची सर्व्हिस. तीस-तीस. मनस्विनी चिंचेच्या बाजूला. लांबलचक रॅली झाली. मनस्विनीनं जोरात मारलेला चेंडू शिल्पानं कसाबसा अडवला. तो रॅकेटच्या कडेला लागला आणि उंच उडाला. कुठे जावा? चिंचेकडच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिनं मारला नव्हता, आपसूक गेला. मनस्विनी वळली आणि सुसाट पळाली. नजर वर, चेंडूवर.

"थांब! तिकडं जाऊ नको!"

शिल्पा ओरडली. आवाज असा की चिंचेवरचे कावळे उडाले. मनस्विनीनं दचकून पाय रोवले. कोपऱ्यापासून दोन पावलं अलीकडे. चेंडू रेषेच्या आत पडून कुंपणाला लागला.

 खुर्चीवर पंच रेणुकादास बसले होते. परभणीचे निवृत्त हेडमास्तर, नियमाला पक्के.

"चेंडू खेळात असताना ओरडणं हा अडथळा आहे," ते म्हणाले. "गुण मनस्विनीचा. तीस-चाळीस. मॅच पॉइंट." मग ते पुढे वाकले. "शिल्पा, का ओरडलीस?"

ती रॅकेटच्या तारा सरळ करू लागली.

"मी विचारतोय. का ओरडलीस?"

तिनं बापाकडे बघितलं. भुजंग उभा राहिला होता. त्याचे ओठ हलले, मिटले. तो बोलला असता तर पोरीसाठी मैदानाला दोष देणारा बाप ठरला असता, आणि ज्यानं ती भेग स्वतःच्या हातानं रंगवली तोही तोच. शिल्पानं मान खाली घातली.

"चुकलं, सर."

"ताकीद," रेणुकादास म्हणाले आणि कागदावर लिहिलं.

डॉक्टर श्रीनाथ ताडकन उठले. "ताकीद कसली? मुद्दाम ओरडली ती! गुण जातोय दिसल्यावर ओरडली. एवढ्याशा पोरीला ही लबाडी शिकवली कुणी?"

शिल्पाचे कान लाल झाले.  पंधरा वर्षांची पोर लबाड ठरली आणि माझ्या सहीवर पांघरूण धरून उभी राहिली. मग मात्र मला बसवेना. मी उठलो.

"डॉक्टरसाहेब, लबाडी माझी आहे," मी म्हणालो.

मी कोर्टावर गेलो. कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलो, खिशातली गाडीची किल्ली काढली आणि रंग खरवडला. हिरवी पापडी निघाली. खाली भेग. रेणुकादास खुर्चीवरून उतरून आले. त्यांनी तळहात फिरवला आणि वर आलेल्या कडेवर तो थांबला.

"हे केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"आणि फॉर्म?"

"माझी सही. भुजंगनं मला सगळं सांगितलं होतं. कोर्ट बांधताना सांगितलं, भेग पडल्यावरही सांगितलं. मी त्याला गप्प बसवलं."

डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला, ते जास्त लागलं. "माझ्या पोरीचा घोटा मोडला असता तर तुम्ही काय केलं असतं हो? दवाखान्यात फुलं घेऊन आला असता?"

 खरं होतं. फुलं घेऊनच गेलो असतो.

रेणुकादासांनी तिथेच निर्णय दिला. हे कोर्ट बंद. सामना शेजारच्या मातीच्या कोर्टावर पुढे चालेल. गुण आहेत तसेच, पहिला सेट गेलेला, दुसऱ्यात दोन-पाच, तीस-चाळीस. मी म्हणालो, तो ओरडण्याचा गुण तरी परत द्या. ते म्हणाले, "दिलेला निर्णय नियमानं दिलाय. तुम्ही पाच मिनिटं आधी बोलला असता तर गोष्ट वेगळी होती."

"मातीवर?" डॉक्टर म्हणाले. "ते तर त्या माणसाचं अंगण आहे. त्याची पोरगी तिथंच वाढली."

हेही खरंच होतं.  तेव्हा मनस्विनी जाळीपाशी आली. इतका वेळ ती त्या भेगेकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" तिनं शिल्पाला विचारलं.

"हाव. सकाळी झाडताना पाय लागला हुता. बाबांनी न्हाई सांगितलं," शिल्पा घाईनं म्हणाली. त्या घाईतही तिनं आधी बापाला सोडवलं.

"म्हणून तू मला तिकडे एकदाही मारलं नाहीस?"

शिल्पानं खांदे उडवले. "पडली असतीस की."

 मनस्विनी वडिलांकडे वळली. "पप्पा, मी मातीवर खेळते."

रेणुकादासांनी भुजंगला तासभर दिला. मातीचं कोर्ट मी दिवाळीतच बंद करायला सांगितलं होतं, पाणी वाया घालवू नको म्हणून. त्यानं ऐकलं नव्हतं. वसतिगृहाच्या धुण्याचं पाणी तो अजूनही आणत होता, मी कॉलेजात असताना. म्हणून माती जिवंत होती. त्यानं झारीनं पाणी शिंपडलं, ते मुरायची वाट बघितली, तळवा टेकवून पाहिला, मग रोलर धरला. रोलर जड होता. मी पळत जाऊन दांड्याला हात लावला.

"सर, तुमी बाजूला व्हा."

तेरा वर्षांत भुजंगनं मला पहिल्यांदाच बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झालो.

रोलर फिरवून झाल्यावर तो डॉक्टरांकडे गेला. हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "डॉक्टरसाहेब, बूट काढा आन् चाला एकदा. कुटं बी पायाला लागलं तर सांगा. मंग रेषा मारतो."

डॉक्टरांना हे अपेक्षित नव्हतं. ते इकडे तिकडे बघत उभे राहिले, मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले. पँट वर दुमडून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, चारही कोपऱ्यांत उभे राहिले. परत आले तेव्हा तळवे तांबडे झाले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. भुजंगनं चुन्याचा डबा उचलला.

तीस-चाळीस. शिल्पाची सर्व्हिस, आणि एक गुण गेला की सगळं संपलं. मी आता सचिवाच्या खुर्चीत नव्हतो, कुंपणापलीकडे लोकांत उभा होतो. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं आणि ते बरंच होतं. शिल्पानं चेंडू तीनदा आपटला आणि सर्व्हिस केली. मनस्विनीनं परतवली. शिल्पा पळत पुढे आली आणि तिनं चेंडू मारला तो थेट मनस्विनीच्या उजव्या कोपऱ्यात, रेषेला चाटून. चुना उडाला.

मग तिनं त्या कोपऱ्याचा पिच्छाच पुरवला. अर्ध्या दिवसाची तहान असल्यासारखी ती तिकडे मारत सुटली. मनस्विनीही पडेल म्हणून न घाबरता मातीवरून घसरत जात होती आणि चेंडू परत आणत होती. तीन-पाच. चार-पाच. मनस्विनीचे आणखी दोन मॅच पॉइंट हुकले. पाच-पाच. लोक उभे राहिले. वसतिगृहाच्या गच्चीवर पोरं जमली. भुजंग आता चेंडू बघत होता.

मी मनात देवाला सांगत होतो, हिला जिंकू दे. त्यात माझा स्वार्थ होता, तोही सांगतो. ती जिंकली असती तर माझं गप्प बसणं फुकटात धुऊन निघालं असतं.

पाच-सहा. शिल्पा थकली होती. नव्या कोर्टावर रेषेच्या आत उभं राहून पायातले चेंडू उचलता उचलता तिची कंबर धरली होती, ते आता दिसत होतं. शेवटच्या गेममध्ये ती दोनदा बरोबरीला आली. मग मनस्विनीनं एक चेंडू खोल मारला, शिल्पा पोहोचली, पूर्ण ताणून मारला, आणि तो बोटभर बाहेर पडला. खूण स्पष्ट होती. शिल्पानं स्वतःच जाऊन बघितली आणि रॅकेटनं दाखवली. बाहेर.

पाच-सात. संपलं.

मातीवर झालेल्या पाच गेमपैकी तीन शिल्पानं जिंकले होते. मला कळल्यापासून मी जिभेला कुलूप लावून बसलो, त्या वेळात तिचे तीन गेम गेले. फिजिक्सच्या मास्तरला याहून अवघड गणितं येतात. हे सोपं होतं, म्हणूनच सुटत नव्हतं.

मनस्विनी जाळीवरून वाकली आणि तिनं शिल्पाला मिठी मारली. दोघी बराच वेळ काहीतरी बोलल्या. डॉक्टरांनी भुजंगचा हात हातात घेतला. मी मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत होतो. तेवढंच एक काम आता माझ्या हातात उरलं होतं.

आमच्याकडे सामना संपला की पोरं मोठ्यांच्या पाया पडतात. शिल्पा रेणुकादासांच्या पाया पडली. डॉक्टरांच्या पडली, ते गडबडून गेले. बापाच्या पडली, त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. मला वाटलं, आता ती घरात जाईल. पण ती कुंपण ओलांडून माझ्याकडे आली, रोजच्यासारखी, आणि वाकली.

मी दोन पावलं मागे सरलो.

ती अर्धी वाकलेलीच राहिली. मग मान वर केली. डोळे भरले होते, पण इतका वेळ त्यातून एक थेंब गळला नव्हता. तो आता गळला.

"हारले मनून का, सर?"

"नाही गं, नाही," मी म्हणालो. पण पाय पुढे करवले नाहीत.